नव्या काळजाला गूळपाणी

"घागर पडली तेव्हा तुम्ही दचकलात, अक्का... मग ठोका का नाही दचकला?"

शाल्मलीची नजर अक्कांच्या मनगटावरच्या पट्टीला खिळली होती. पितळी घागर मठाच्या पायऱ्यांवरून गडगडत गेली, तेव्हा तिचं स्वतःचं काळीज घशाशी आलं होतं. अक्कांच्याही पापण्या लवल्या होत्या. पट्टीवरचा ठोक्यांचा आकडा मात्र जागचा हलला नव्हता.

अक्कांच्या छातीतलं हृदय नवं होतं. त्यांच्याच रक्ताच्या थेंबापासून काचेच्या भांड्यात वाढवलेलं. वाढवणाऱ्यांत शाल्मली होती. याच ओसरीवर अक्कांसमोर पाटीवर अक्षरं गिरवलेली, आता शहरातली मोठी डॉक्टरीण.

"रक्तवाहिन्या जुळल्या, मज्जातंतू नाही जुळले," ती घाईघाईनं म्हणाली. "एव्हाना जुळायला हवे होते. आजच परत चला. छाती पुन्हा उघडावी लागेल."

"पुन्हा उघडलीस, तर उठेन मी?"

शाल्मलीनं नजर चुकवून पट्टीकडे पाहिलं.

"त्याला गूळपाणी दिलंस का गं?"

"कुणाला?"

"एवढ्या लांबून आलंय ते. आपल्या मठात पाहुण्याला आधी गूळपाणी, मग विचारपूस. तू आल्या आल्या पट्टीच बघत बसलीस."

"अक्का, हृदय आहे ते! मी वाढवलंय. त्यातली पेशी न् पेशी मला ठाऊक आहे."

"तुला ते ठाऊक आहे, बाई. त्याला आपण कुठे ठाऊक आहोत?"

अक्कांनी गुळाचा खडा तोंडात टाकला. वर घोटभर पाणी प्यायल्या. मग तळहात छातीवर ठेवून डोळे मिटले.

...

"अक्का?"

उत्तर नाही. आकडा तोच.

"अक्का, ऐकताय ना?"

...

शाल्मलीचं शिकलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं. लहानपणी मठातल्या पहिल्याच रात्री अंधाराला घाबरून मारली होती, तशी तिनं हाक मारली.

"अक्काऽऽ!"

पट्टीवरचा आकडा उसळला.

अक्कांचे ओठ मिटलेलेच होते. आणि आत, काचेत जन्मलेला तो मूठभर मांसाचा गोळा तिच्या हाकेला ओ देत धावत सुटला होता.

शाल्मलीला ठोके मोजायचं सुचलं नाही. तिचे हात आपसूक जुळले.

अक्कांनी एक डोळा उघडला.

"हळू गं... त्याला घर दाखवत होते."