नववी पाकळी

“मग करू ना फोन, बाई?”

निनाद बोरगावे हातात फोन घेऊनच उभा होता. समोरच्या पडद्यावर त्यानं मोठ्या कष्टानं मिळवलेलं चित्र झळकत होतं. नऊ पाकळ्यांचं एक रेखीव कडं.

नेरूरकरबाईंनी चष्मा पुसला, घातला, चित्र पाहिलं.

“कुणाला करायचाय?”

“मिरजेला, प्रसन्नला. माझा सर्जन मित्र. त्यानंच त्या पेशंटबाईंच्या गळ्यातल्या गाठीचा तुकडा पाठवला होता. गाठ साधी की कर्करोगाची, तिथं कुणाला ठरवता येईना. मी ठरवलं. माझा निरोप गेला की उद्या ऑपरेशन. ग्रंथीच काढून टाकणार.”

“आणि नाही गेला तर?”

“तर आणखी तपासण्या, आणखी वाट बघणं. पण कशाला? नऊ आहेत बाई, नऊ!”

पेशीच्या पोटात केंद्रक असतं आणि त्याच्या भिंतीला असंख्य बारीक छिद्रं असतात. केंद्रकातली ये-जा याच दारांतून चालते. दाराच्या चौकटीला आठ पाकळ्या असतात, हे शास्त्राला ठाऊक होतं. कर्करोगाच्या पेशीत नऊ असतात, हे एकट्या निनादला ठाऊक होतं. आणि ठाऊक असलेली गोष्ट हळू आवाजात सांगायची त्याला सवय नव्हती.

तसा तो हुशार होता, यात वादच नाही. साध्या सूक्ष्मदर्शकात जिथं नुसता धुरकट डाग दिसतो, तिथं पाकळी न् पाकळी वेगळी दाखवणारं यंत्र चालवायला तो जर्मनीत शिकून आला होता. मित्र त्याला छिद्रान्वेषी म्हणत. त्याला ते नाव आवडायचं. छिद्रं शोधण्याचा पगार घेणारा गावात मी एकटाच, असं तो ऐटीत सांगे.

बाई या संशोधन संस्थेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. तरी त्यांनी मान हलवल्याशिवाय संस्थेतून मोठी बातमी बाहेर जात नसे. म्हणून तर हा खोळंबा.

“एकेका छिद्रात दिसतात का रे नऊ?” बाईंनी विचारलं.

“एकेकात कशा दिसतील? एकेक छिद्र म्हणजे चार विस्कटलेले ठिपके. अशी हजारो छिद्रं एकावर एक ठेवायची, मग कुठं चित्र उमटतं.”

“कुठली पाकळी कुठल्या पाकळीवर ठेवायची, ते कसं कळतं?”

“कित्ता असतो ना! सुरुवातीला कर्करोगाच्या एका पेशीत मला एक छिद्र अगदी स्वच्छ दिसलं होतं, नऊ पाकळ्यांचं. तोच कित्ता. संगणक प्रत्येक छिद्र फिरवून फिरवून त्याच्याशी जुळवतो. जुळलं की घेतो.”

“नाही जुळलं तर?”

“टाकून देतो. कचरा असतो तो.”

बाई उठल्या आणि शेजारच्या खोलीत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची एक काच होती.

“एवढी एक बघ. मग खुशाल कर फोन.”

निनादच्या कपाळाला आठी पडली. म्हाताऱ्या माणसांना शेवटचा शब्द आपलाच हवा असतो, असं त्याच्या मनात आलं. पण बाईंना नाही म्हणण्याची छाती त्याच्यात नव्हती. त्यानं काच यंत्रावर चढवली, बटणं दाबली आणि बाकीचं संगणकावर सोपवलं.

चहा आला. निनादचा तसाच निवला.

हळूहळू पडद्यावर कडं उमटू लागलं. पाच पाकळ्या. सात. नऊ.

“हीसुद्धा!” तो जवळजवळ ओरडलाच.

दुसऱ्याच क्षणी तो वरमला. काच शेवटी कुणाची तरी असणार.

“बाई... सांगायला वाईट वाटतं. कर्करोगच आहे. शंकेला जागा नाही. तुमच्या नात्यातलं कुणी आहे का?”

“मूळ चित्र बघितलंस?”

“मूळ? त्यात काय बघायचं असतं?”

“बघ तरी.”

त्यानं मूळ चित्र उघडलं. पेशीची कड शोधली. सापडेना. काच थोडी डावीकडे सरकवली, मग उजवीकडे. केंद्रक शोधलं. तेही नाही. काळ्याभोर पडद्यावर नुसते ठिपके होते, कुणीतरी मूठभर खसखस सांडावी तसे.

“बाई, यात पेशी कुठं आहे?”

“आहे असं मी कधी म्हटलं? आत्ता धुतलेली कोरी काच आहे ती. पेशींना लावायचा तुझाच चमकणारा रंग वरून शिंपडलाय.”

निनादनं पुन्हा ठिपके पाहिले. कित्त्याशी जुळतील तेवढे संगणकानं उचलले होते, बाकीचे टाकून दिले होते. कोऱ्या काचेला त्यानं कर्करोग ठरवला होता, आणि वर सांत्वनही करायला निघाला होता! पण त्याला खरी भीती वाटली ती मिरजेची. तिथं एक बाई उद्याच्या विचारानं कासावीस झाली असेल. तिच्या गळ्यावर फिरणारी सुरी त्याचा कित्ता गिरवणार होती.

तेवढ्यात हातातला फोन वाजला. प्रसन्नच होता.

“काय रे, काय दिसलं?”

निनादनं बाईंकडे पाहिलं. बाई चहाचा कप विसळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“काही नाही दिसलं,” निनाद म्हणाला. “म्हणजे... मी अजून पाहिलेलंच नाही. तुमच्या तपासण्या होऊ देत. माझ्या भरवशावर सुरी उचलू नकोस, प्रसन्न. माझं चुकलं.”

पलीकडून प्रसन्न बराच वेळ काहीबाही बोलत राहिला. निनादनं सगळं ऐकून घेतलं. फोन ठेवला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. लाजेनं की सुटल्याच्या आनंदानं, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

“पण ते पहिलं छिद्र, बाई... त्याला खरंच नऊ पाकळ्या होत्या हो.”

“असतील.”

“मग कर्करोगाच्या पेशीत असतात तरी किती? आठ, की नऊ?”

बाईंनी पिशवी खांद्याला लावली.

“मला काय विचारतोस? छिद्राला विचार,” त्या म्हणाल्या. “फक्त या खेपेला त्याच्या कानात उत्तर सांगू नकोस.”