बिननावाची खुंटी

मूठभर द्यायचे आणि गावभर सांगायचे, अशी माणसे आहेत. ती कोण, हे लिहायची गरज नाही; त्यांना ते ठाऊक आहे. त्यांनी धामणखेडच्या बोर्डिंगची टेकडी चढण्याआधी पायथ्याशी घटकाभर थांबावे आणि वरच्या चिंचेखाली काय चालते ते ऐकून घ्यावे.

चिंचेजवळ एक दगडी भिंत आहे. भिंतीत सागवानी खुंट्यांची ओळ आणि प्रत्येक खुंटीखाली एका मुलाचे नाव. बोर्डिंगात राहून कॉलेजात शिकणाऱ्या मुलांचे गावाकडून आलेले डबे इथे लटकतात. शेवटच्या खुंटीखाली मात्र नाव नाही. तिथेही रोज एक भरलेला डबा असतो. तो कोणी आणला आणि कोणी खाल्ला, हे विचारायचे नाही.

बोर्डिंगची बाग सांभाळता सांभाळता म्हातारे झालेले जोतीआबा नव्या पाहुण्यांना कट्ट्यावर बसवून यामागची हकीकत सांगतात. आपण स्वतः पाहिलेले नाही, आपल्या वडिलांनी पाहिले, हे आधीच कबूल करतात.

तेव्हा एसटी नव्हती, सर्व्हिस मोटार होती. बोर्डिंगात राहायला खोली आणि प्यायला पाणी मिळे. जेवण ज्याचे त्याने घरून आणायचे. मोटारीच्या टपावरून डबे येत आणि भागूबाई नावाची बाई ते पाटीत घालून डोक्यावरून टेकडीवर आणी. त्या मुलांत गेनू वाघमोडे म्हणून एक मेंढपाळाचा मुलगा होता. शेवटचे वर्ष, परीक्षा तोंडावर. तो पास झाला असता तर त्याच्या वाडीतला पहिला पदवीधर ठरला असता. त्या पौषात त्याची आई गेली आणि डबा बंद झाला.

गेनूने कोणाला कळू दिले नाही. एक जुना रिकामा डबा तो आपणच खुंटीला अडकवायचा, सगळ्यांबरोबर काढायचा आणि टेकडीमागे जाऊन बसायचा. दोन-चार दिवसांआड कुठे काम मिळाले तर चणे-फुटाणे, नाहीतर पाणी. जोतीआबा इथे थांबून म्हणतात, “रिकामा डबा भरल्यावानी उचलायला लई ताकद लागते.”

मुलांना कळले नाही, पण भागूबाईला कळले. आपल्या पाटीत तेवीस डबे येतात आणि खुंटीला चोवीस लटकतात, हे तिने हेरले. परीक्षेच्या चार दिवस आधी बोर्डिंगच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा होता. पहिल्या तुकडीतले तात्या शेलार, जे पुढे मोजणीदार झाले, ते या मेळाव्याचे पुढारी. भागूबाईने त्यांना बाजूला घेऊन गेनूचे सांगितले.

तात्यांचा जीव कळवळला. माणूस वाईट नव्हता. पण चांगल्या माणसाला आपला चांगुलपणा लपवणे जमत नाही. त्यांनी घरून डबा मागवला, भर सभेत गेनूला नाव घेऊन उभे केले, त्याची परिस्थिती सगळ्यांना सांगितली आणि गळ्यात हार घालून डबा हाती दिला. टाळ्या झाल्या.

गेनूने हार काढून घडी घालून ठेवला. म्हणाला, “तात्या, डबा चांगला आहे. पण आता घास घेतला की सगळी सभा बघतेय असं वाटेल.” त्याने डबा शेवटच्या, रिकाम्या खुंटीला अडकवला, ट्रंक उचलली आणि टेकडी उतरला. संध्याकाळी तो बाजारात पोती वाहताना दिसला म्हणे.

भागूबाई तात्यांना एवढेच बोलली, “मी तुमच्या कानात सांगितलं होतं. तुम्ही दवंडी पिटली.”

तात्या चिंचेखाली बसले ते बसलेच. ज्याच्यासाठी हा डबा आहे तो जेवल्याशिवाय अन्नाचा कण घेणार नाही, असे त्यांनी झाडाच्या बुंध्याला हात लावून म्हटले. त्यांच्या घरून रोज ताजा डबा येई, रोज त्या खुंटीला लागे, आणि संध्याकाळी तसाच परत जाई. मुलांना आपापले घास गिळेनात. एकाने गेनूकडे जाऊन विनवले. त्याने पाठ फिरवली. तात्यांनी स्वतः जायचे ठरवले, तर भागूबाईने अडवले. पुन्हा चार माणसांत तमाशा करू नका, म्हणाली.

चौथ्या दिवशी पहिला पेपर होता. सकाळी मोटारीवरून डबे उतरवून भागूबाई सरळ बाजारात गेली. गेनू पोत्यांच्या थप्पीला टेकून उभा होता. तिने पाटी उतरवली आणि त्याला सांगितले, “त्यो म्हातारा चार दिस उपाशी हाय. तुला लाज वाटती ना? मग कुणी बघणार न्हाई असं जेव. मी बघते कोण बघतंय ते.”

वर येऊन तिने मुलांना लवकर जेवायला लावून पेपराला पिटाळले. तात्यांना भिंतीकडे पाठ आणि खोऱ्याकडे तोंड करून बसवले. मान वळवलीत तर तुमचं व्रत मोडलं असं समजा, असा दम भरला आणि आपण पायऱ्यांवर जाऊन बसली.

बऱ्याच वेळाने पाठीमागे पावले वाजली. मग डब्याची कडी निघाली. तात्यांनी खोऱ्यातली एकेक झाड मोजायला सुरुवात केली. चार दिवसांच्या उपासापेक्षा तो पाव तास जड गेला, असे ते पुढे आयुष्यभर सांगत. रांजणाचे पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि मग पावले धावत टेकडी उतरली. कॉलेजची दुसरी घंटा अजून व्हायची होती.

तात्यांनी वळून पाहिले. डबा राखेने घासून लख्ख केलेला, अजून पाणी ठिबकत होते. आत मूठभर चिंचा होत्या. कोणाचे भांडे रिकामे परत पाठवू नये, हे गेनूच्या आईने त्याला शिकवले होते. त्या वर्षी टेकडीवरच्या चिंचेला एकही आकडा धरला नव्हता, असे सांगतात. कोणी म्हणते त्याने बाजारातून आणल्या, कोणी म्हणते झाडाने त्याच्यापुरत्या दिल्या. जोतीआबा झाडाच्या बाजूचे आहेत.

तात्यांनी उपास चिंचेवरच सोडला. दात आंबले, पोटात कळ आली, आणि ते हसत राहिले. दुपारी मुले धावत वर आली आणि एकदम बोलू लागली: गेनू आला होता, घंटेच्या ठोक्याला बाकावर बसला, तीन वेळा पुरवणी मागितली. भागूबाई पायऱ्यांवरच पदराने डोळे पुसत होती म्हणे.

गेनू पास झाला, नोकरीला लागला. पहिल्या सुट्टीत तो भरलेला डबा घेऊन टेकडीवर आला, शेवटच्या खुंटीला अडकवला आणि कोणी न सांगता खोऱ्याकडे तोंड करून बसला.

आजही जुने विद्यार्थी पाळीपाळीने डबा आणतात. कोणी पुण्याहून येतो, कोणी विमानाने येतो. डबा अडकवून भिंतीकडे पाठ करतो. जेवणारा जेवतो, भांडे घासतो आणि आत चिंचा ठेवतो. हंगाम नसेल त्या दिवसांसाठी मुलांनी मीठ लावून बरणी भरून ठेवलेली असते. गेल्या महिन्यात एक मोठे अधिकारी पाळीला आले होते. कडी वाजली तशी त्यांची मान हळूहळू मागे वळू लागली. आता डबे वर आणणाऱ्या, पायऱ्यांवर तांदूळ निवडत बसलेल्या मंदामावशींनी सुपातून नजरही न उचलता म्हटले, “साहेब, खोरं तिकडं हाय.”