खारूताईंनी काढून टाकलेला कॉम्प्युटर

फार मागे, रानातल्या जनावरांचं वाचनालय खारूताई चालवायच्या, तेव्हाची गोष्ट. तिथला कॉम्प्युटर रखडायला लागला, तशी ताईंनी तो भंगारात काढायचं ठरवलं.

“ताई, यंत्र धडधाकट आहे, त्याला चालवणारी आतली प्रणाली तेवढी जुनी झालीय,” शेजारी शाळा चालवणारी साळुंकी म्हणाली. “सगळ्यांना खुली असलेली नवी फुकट मिळते. मी घालून देते.”

“फुकटाचं बिघडलं तर भांडायचं कुणाशी गं?” असं म्हणून ताईंनी पुस्तकांसाठी ठेवलेल्या पैशांत नवाकोरा कॉम्प्युटर आणला.

जुना साळुंकीने मागून नेला. तिच्या शाळेत तो झपझप चालताना ताई कुंपणावरून रोज बघायच्या.

वर्षभर नवं पुस्तक आलं नाही. सशाची पोरं रिकाम्या हातांनी परतायची. पुढच्या साली ताईंनी पुस्तकं आणली, स्वतः दारात उभ्या राहिल्या. पण पोरांची यायची सवयच मोडली होती.