आडवी सायकल

“टांग मारू का नको? एवढं एकच सांगा, वस्ताद.”

बाबालाल वस्ताद हातातला पाना फिरवत होते. त्यांनी वर पाहिले नाही.

“डॉक्टर काय म्हणाला?”

“सायकल चालवा म्हणाला. सपाट रस्ता बघून. दमानं.”

“आणि?”

जिन्नाप्पा मगदूम घुटमळला.

“आणि पाय मागनं फिरवून टाकायचा न्हाई म्हणाला. कमरेत लई वाकायचं न्हाई. खुबा निखळंल म्हणाला.”

“मग मला कशाला विचारतोस?”

“डॉक्टर मोटारीतनं फिरतो, वस्ताद. त्याला टांग काय कळती?”

वस्तादांनी पाना खाली ठेवला.

खंडेनवमीची सकाळ होती. तालमीच्या पटांगणात सायकली धुऊन पुसून ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हँडलला झेंडूची माळ होती.

ही सायकलवाल्यांची तालीम. जत्रेच्या आणि उरुसाच्या शर्यतींसाठी बाबालाल वस्तादांनी इथेच पोरे तयार केली. त्यातली बरीच आता आजोबा झाली होती. तरी खंडेनवमीला सगळे येत. पूजा झाली की एकामागून एक टांग मारून बाहेर पडत आणि वेशीपर्यंत जाऊन येत.

टांग म्हणजे हँडल धरून पळायचे, डावा पाय पायडलवर ठेवायचा आणि उजवा मागून सीटवरून फिरवून टाकायचा. दुसऱ्या कुठल्याही तऱ्हेने चढायला इथे बंदी होती.

“तसं चढणारा दळण आणायला जातो, शर्यतीला न्हाई,” असे वस्ताद म्हणत.

ज्याला टांग जमेना, त्याने सायकल तालमीत जमा करायची आणि घरी जायचे. हा नियम त्यांचाच.

दुसरा नियम याहून कडक होता. सायकल जमिनीवर आडवी राहता कामा नये. शर्यतीत पडलेला गडी आधी सायकल उभी करी, मग स्वतःचा गुडघा बघे. सायकल आडवी करायची ती एकदाच, मालक मेल्यावर. ते काम वस्तादांचे. ते सायकल पटांगणात आडवी करत, माणसे डोक्यावरच्या टोप्या काढत. मग एखादा नवा गडी ती उचली आणि तिच्यावर पहिल्यापासून शिके.

जिन्नाप्पाची टांग अशी होती की जत्रेत माणसे शर्यत सुटते तिथे गर्दी करत. शेवट बघायला कमी जात.

उन्हाळ्यात त्याचा उजवा खुबा बदलला. आता तो काठीवाचून चालत होता. ओळीत पहिला उभा राहण्याचा मान त्याचाच होता, आणि खंडेनवमीला टांग मारणार असे त्याने गावभर सांगून ठेवले होते.

त्याची नजर वस्तादांपुढच्या सायकलवर गेली. सायकल त्याचीच होती.

“हँडल कुणी वर केलं?”

“मी.”

“हे गवळ्याचं हँडल झालं, वस्ताद.”

“गवळी रोज घरी पोचतो.”

“सीट पण वर केलीया.”

“गुडघा कमरेच्या वर यायला नको.”

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तुझ्या डॉक्टरानं. मी जाऊन आलो.”

जिन्नाप्पा बघतच राहिला. “तुम्ही? तालुक्याला? सायकलवरनं?”

“एस.टी.नं.”

वस्ताद एस.टी.त बसले, हे कुणाला खरे वाटले नाही. पण ते खोटे बोलत नसत.

तेवढ्यात जिन्नाप्पाची बायको पद्मावती नारळाचे ताट घेऊन आली. तिने ताट हातातच धरून ठेवले.

“वस्ताद, तुम्हीच सांगा ह्यांना. माझं ऐकत न्हाईत.”

“तू गप,” जिन्नाप्पा म्हणाला.

“गप कशाला? परवा गोठ्यात टांगंचा सराव केला. गव्हाणीवर पाय टाकला. पाय तिथंच. वर जाईना, खाली येईना. म्हस बघती ह्यांच्याकडं आणि हे म्हशीकडं. शेवटी शेजारच्या दोघांनी उचलून बाजूला घेतलं.”

ओळीतून कुणीतरी हसले. शिदू पवार असावा. तो जिन्नाप्पाचा जुना जोडीदार, शर्यतीत कायम त्याच्या मागे राहिलेला.

“म्हशीला टांग आवडली का न्हाई?” शिदूने विचारले.

“तुझ्यापेक्षा बरी म्हणाली,” जिन्नाप्पा म्हणाला. पण त्याचा चेहरा लाल झाला होता.

“रात्रभर कण्हत होते,” पद्मावती म्हणाली. आता ती हसत नव्हती. “डॉक्टर म्हणाला, एकदा निखळला तर पुन्हा पुन्हा निखळत ऱ्हातो. वस्ताद, हे अंथरुणाला खिळले तर… मी कुणाकडं बघू?”



जिन्नाप्पा वस्तादांच्या पुढे येऊन उभा राहिला.

“मी टांग मारली न्हाई तर सायकल जमा करावी लागंल. नियम हाय. सायकल जमा करून मी घरात बसू? त्यापरीस निखळू दे.”

“हे तुझं शेवटचं बोलणं?”

“शेवटचं.”

वस्ताद बाजूला सरले.

“मग मार.”

पद्मावतीने तोंडाला पदर लावला.

जिन्नाप्पाने हँडल धरले. माळ नीट केली. ओळीकडे एकदा बघितले. त्याने डावा पाय पुढे टाकला, मग उजवा… आणि हँडल त्याच्या हातातून गेले.

वस्तादांनी सायकल ओढून घेतली होती. ऐंशी ओलांडलेला माणूस, पण हात अजून लोखंडाचे.

त्यांनी ती पटांगणाच्या मधोमध नेली आणि आडवी केली.

हळूच. जशी दरवेळी करत तशी.

झेंडूची माळ मातीत पसरली. वरचे चाक थोडे फिरले आणि थांबले.

पद्मावतीच्या हातातले ताट पडले. नारळ गडगडत ओळीखाली गेला. उचलायला कुणी हलले नाही.

शिदू पवारने डोक्यावरची टोपी काढली. त्याला ते कळलेही नाही. त्याच्या शेजारच्याने काढली, मग पलीकडच्याने.

जिन्नाप्पाने त्या उघड्या डोक्यांकडे पाहिले.

“वस्ताद… मी जिता हाय.”

“कोण?”

“मी. जिन्नाप्पा.”

“टांग मारणारा जिन्नाप्पा?”

“…व्हय.”

“तो दवाखान्यातच गेला. मला कुणी कळवलं न्हाई, म्हणून आज आडवी केली.”

पद्मावती पुढे आली.

“आज सणाचं, वस्ताद. माझ्या कपाळाकडं तरी बघायचं.”

“तुझा नवरा तुला ठेवलाय, सूनबाई. माझा गडी गेला.”

ती तिथेच खाली बसली.

वस्ताद टोप्या हातात धरलेल्या माणसांकडे वळले.

“आता ही उचलायला नवा कोण हाय?”

माणसे एकमेकांकडे बघू लागली.

“नवा कोण हाय?”

ओळीत नवे कुणी नव्हते. वस्ताद फिरत फिरत जिन्नाप्पापाशी आले. त्याला आधी कधी पाहिलेच नाही असे त्याच्याकडे पाहू लागले.

“तू कोण?”

जिन्नाप्पा एक पाऊल मागे सरला.

“टांग येती?”

जिन्नाप्पाने सायकलकडे पाहिले. शिदूकडे पाहिले. ज्या टांगेसाठी जत्रा थांबत, तिच्याबद्दल त्याला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता.

बायको मातीत बसली होती. तिची नजर त्याच्यावर होती.

“न्हाई,” तो म्हणाला.

आवाज इतका बारीक होता की मागच्यांना ऐकू गेला नाही. पुढच्यांनी मागे सांगितले.

“मग घे ही.”

जिन्नाप्पा उचलायला वाकू लागला. वस्तादांनी त्याच्या छातीला हात लावून त्याला सरळ केले.

“वाकायचं न्हाई. नव्याला एवढं पण सांगायला लागतं?”

त्यांनी स्वतः हँडल आणि सीट धरली, सायकल अर्धी उचलली आणि आपल्याकडे तिरकी धरली. सीट आणि हँडलमधली नळी आता गुडघ्याएवढी खाली होती.

“चांगल्या पायावर उभा ऱ्हा. माझ्या खांद्याला धर. दुसरा पाय पुढनं नळीवरनं पलीकडं ठेव. सरळ. फिरवायचा न्हाई.”

“ओलांडू? सायकल ओलांडू?”

“ओलांड.”

त्या तालमीत सायकल कुणी ओलांडली नव्हती. जिन्नाप्पाने वस्तादांच्या खांद्यावर हात ठेवला. उंबरा ओलांडतात तसा उजवा पाय पलीकडे ठेवला.

वस्तादांनी सायकल उभी केली.

जिन्नाप्पा दोन्ही पायांत सायकल घेऊन उभा होता. टांग मारली नव्हती आणि सायकल त्याच्याखाली होती. त्याने खाली पाहिले, पुन्हा वर पाहिले. कुणीतरी थोबाडीत मारावी तसा त्याचा चेहरा झाला होता.

“वस्ताद,” तो म्हणाला, “नियम तुमचा व्हता.”

“माझाच.”

“मग… तुम्ही कसं चढता?”

शिदू टोपी डोक्यावर घालत होता. त्याचा हात तिथेच राहिला.

तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आले. वस्तादांना सायकलवर चढताना कित्येक वर्षांत कुणी पाहिले नव्हते. सगळे येण्याआधी ते तालमीत असत. सगळे गेल्यावर ते निघत.

वस्तादांनी पाना उचलला. फडक्याने पुसला. पुन्हा पुसला.

“तुम्ही सगळे गेल्यावर,” ते म्हणाले.

शिदूने टोपी परत हातात घेतली.

शेवटी जिन्नाप्पानेच विचारले.

“मी कुठं उभा ऱ्हाऊ?”

“नवा गडी कुठं असतो?”

जिन्नाप्पा सायकल पायांतच ढकलत ओळीच्या शेवटी गेला. पहिल्या जागी शिदू आला. आयुष्यात पहिल्यांदाच तो पुढे होता, आणि त्याला ते बरे वाटत नव्हते. तो वळून वळून मागे बघत होता.

पद्मावतीने नारळ शोधून आणला. वस्तादांनी खूण केली, तिने तो फोडला.

शिदूने टांग मारली. मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. सगळ्यांच्या मागे जिन्नाप्पाने पायडलवर पाय दाबला, उंच सीटवर बसला आणि पाठ सरळ ठेवून, गवळ्यासारखा, हळूहळू वेशीकडे गेला.

त्याची सायकल वळणावर दिसेनाशी झाली. पद्मावती फाटकाशी उभी राहिली. ती आत आली नाही.

एकेक जण परत येऊ लागला. शिदू आला, मागचे आले. जिन्नाप्पा येईना.

मग तो आला. घामाने चिंब झालेला. पटांगणात शिरला, पण थांबला नाही. आजवर तो पाय मागे फिरवून, धावत्या सायकलवरून उतरत आलेला. तो पटांगणाला फेरी मारू लागला. एक झाली, आणखी एक झाली. माणसे मधे उभी राहून त्याच्याबरोबर मान फिरवत होती.

“वस्ताद,” तो फिरता फिरता म्हणाला, “उतरू कसा?”

वस्ताद दुसऱ्या सायकलच्या साखळीला तेल सोडत होते. त्यांनी वर पाहिले नाही.

“जसा मेलास तसा. सायकल आडवी करून.”