वेशीवरचा नवखा

“मग ते दिवस गेले कुठे, बुवा? कुणी नेले?”

शार्दूल विचारत कसला होता, जवळजवळ भांडतच होता. टेकडीवरच्या मठात येऊन त्याचा चहासुद्धा पिऊन झाला, पण मांडीवरचा लॅपटॉप काही त्यानं मिटला नव्हता.

“कुठले दिवस?” भिकोबाबुवा शेंगा सोलत होते.

“‘वेताळगड’चे. इंटरनेटवरचा खेळ आहे. आपण योद्धा व्हायचं आणि हजारो माणसांबरोबर त्या मुलखात हिंडायचं. कॉलेजात असताना सायबर कॅफेत बसून खेळायचो. आज माझ्या तोडीचा योद्धा अख्ख्या खेळात नाही. पण मजा मेली, बुवा. रोज जातो आणि रोज हात हलवत परत येतो. रडू येतं हो, खरंच.”

चांगला बाप्या माणूस खेळापायी रडतो म्हटल्यावर दुसरा कुणी फिदीफिदी हसला असता. बुवा हसले नाहीत.

“पहिला दिवस आठवतो?”

“न आठवायला काय झालं! वेशीपाशी उभा होतो. अंगात फाटका सदरा, हातात काठी. पुढे अंधारं रान. जो दिसेल त्याला लिहून विचारत होतो, ‘दादा, गावाकडची वाट कुठली?’... एक जण थांबला. चकार शब्द बोलला नाही. मशाल उंच धरली आणि माझ्यापुढे चालू लागला. पार गावापर्यंत.”

शार्दूलची नजर मांडीवरच्या पडद्याकडे गेली. खेळ चालूच होता.

“तसा माणूस पुन्हा भेटला नाही, बुवा.”

“आणि आता?”

“आता सगळा बाजार! या नवख्यांनी खेळ नासवला...” बोलता बोलता त्याचं बोट बटणावर खटकन खाली गेलं. पडद्यावर कुणीतरी आडवं झालं.

बुवांच्या हातातली शेंग हातातच राहिली.

“ते काय झालं?”

“काही नाही. एक नवखा मध्ये आला. वेशीवर उभं राहून त्यांना एका घावात उडवायचं, ही आम्हा जुन्या लोकांची रीतच आहे.”

“मेला?”

“खेळातच हो! येतो की परत उठून.”

खरंच, तो उठून आला. अंगात फाटका सदरा, हातात काठी. पळून जायचं सोडून तो पुन्हा शार्दूलच्या योद्ध्यापुढेच येऊन उभा राहिला. पडद्याच्या तळाशी त्यानं लिहिलेल्या दोन ओळी दिसत होत्या.

“चष्मा आत राहिला माझा,” बुवा म्हणाले. “वाच बघू. काय म्हणतोय तो?”

शार्दूलनं वाचायला तोंड उघडलं आणि तो थबकला. पहिली ओळ मघाचीच होती, घाव घालण्याआधीची. तेव्हा त्यानं ती वाचलीच नव्हती.

“वाच.”

“‘दादा, गावाकडची वाट कुठली?’...”

“आणि दुसरी?”

शार्दूलनं मान खाली घातली. कानशिलं नुसती तापली होती.

“‘दादा... माझं काही चुकलं का?’”

शार्दूलचं बोट अजून बटणावरच होतं, पण ते उचलायचंही त्याला सुचेना.

बुवांनी सोललेले दाणे त्याच्यापुढे सरकवले.

“त्याचा पहिलाच दिवस ना रे आज?”