तांबटबाबांचा उजवा हात

“मग मी चुकले कुठे, सिस्टर?”

अश्लेषानं हे विचारलं तेव्हा तिचा आवाज खाली होता, मान वर होती.

सुवार्ता सिस्टर खाटेच्या कठड्याकडे बघत होत्या. कठड्याला गॉजच्या पट्टीनं एक म्हातारा हात बांधलेला होता.

हात बाबूलाल तांबटांचा, उजवा; डावा सलाइनच्या फळीवर होता. जन्मभर तांब्याची भांडी ठोकली त्यांनी. पोटाचं ऑपरेशन झालं आणि त्यांना भ्रम झाला. आदल्या दिवशी त्यांनी नाकातली नळी उपसून काढली, तीही अश्लेषाच्या पाळीत. परत घालताना रक्त आलं. सर्जन बजावून गेले होते, आता निघाली तर आतले टाके जातील आणि मागोमाग माणूस जाईल.

अश्लेषा कोठावदे नोकरीत नवी होती, अजून कायम झालेली नव्हती. सुवार्ता भांबळ त्या वॉर्डच्या इन्चार्ज. त्यांच्या हाताखाली काम मिळावं म्हणून दूरदूरच्या मुली त्या गावात यायच्या.

समोरच्या खाटेवर माझा पाय वजनं लावून टांगलेला होता. कूस बदलता येत नव्हती. जे पुढ्यात होतं तेच बघत होतो.

“डॉक्टरांची लेखी ऑर्डर आहे,” अश्लेषा म्हणाली. “मुलीची सही आहे. पट्टीत दोन बोटं जातात, रक्त अडत नाही. अर्ध्या अर्ध्या तासानं सोडून बघते. उद्या मला कोर्टात उभं केलं तरी...”

“तुला कुणी बोट लावू शकणार नाही.”

“मग?”

कठडा खडखडला. बाबा हात ओढत होते.

“सही करताना मुलीनं वडलांकडे बघितलं?”

“नाही... खाली बघत होती.”

“आणि बाबांना विचारलंस?”

“ते भानावर कुठे आहेत, सिस्टर? ते त्यांच्या दुकानात बसलेत. काल मला म्हणाले, ए पोरी, ते मोठं झाकण दे इकडं.”

“दिलंस?”

हौसामावशी फरशी पुसत होती. ती फसकन हसली.

अश्लेषाला ते लागलं. “चेष्टा नका करू, सिस्टर. नर्सिंगची नीती मला कुणी शिकवायला नको. त्या विषयात विद्यापीठात दुसरी आलेय मी. रुग्णाचं हित आधी. नळी निघाली तर हा माणूस मरेल. हात मोकळा सोडून मारू का त्यांना?”

“नको,” सिस्टर म्हणाल्या. “बांधलेलाच राहू दे.”

अश्लेषानं सुस्कारा सोडला. जिंकल्यासारखं तोंड झालं तिचं.

मग सिस्टर खाली वाकल्या. बाबांच्या मनगटाकडची गाठ त्यांनी तशीच ठेवली. कठड्याकडची सोडली.

“हात दे.”

“कुठला?”

“ज्यानं काम करतेस तो.”

अश्लेषानं उजवा हात पुढं केला. सिस्टरांनी पट्टीचं सुटं टोक तिच्या मनगटाला गुंडाळलं, गाठ मारली, आत दोन बोटं घालून बघितली. तिनं बाबांची बघितली होती तशीच.

“सिस्टर, माझी औषधं वाटायची राहिलीत. तीन नंबरची जखम...”

“मी करते.”

आणि इन्चार्ज सिस्टर नव्या पोरीचा ट्रे उचलून निघाल्या.

“चारला भेटीची घंटा होते,” हौसामावशी म्हणाली. “त्यांची मुलगी येईल. काय म्हणेल ती बघून?”

तिनं फडका बादलीत पिळला.

...

पहिला झटका आला तेव्हा अश्लेषा दुसरीकडे बघत होती. ती खाटेवर ओढली गेली. दुसऱ्या झटक्याला तिनं पाय रोवले आणि डाव्या हातानं नळी धरून ठेवली. नळीकडे हात जाणार, हे तिला ठाऊकच होतं.

हात नळीकडे गेला नाही.

मी बघत होतो. तिच्याही आधी मला दिसलं असेल, पण कळलं मात्र तिला. तिचा चेहरा बदलला.

तिनं नळीवरचा हात काढला. ओढीबरोबर जाऊ दिलं स्वतःला. बाबांचा हात चादरीवरून खाली गेला, ओटीपोटाशी थांबला, तिथं चाचपडला. मग वर आला, हवेत राहिला... आणि पुन्हा खाली.

“सिस्टर...”

सिस्टर दूरच्या खाटेपाशी होत्या. त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

अश्लेषानं डावा तळवा बाबांच्या ओटीपोटावर ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. सकाळी त्यांची लघवीची नळी काढली होती. त्यानंतर हा हात कठड्याला होता.

“मावशी, पडदा ओढा,” ती म्हणाली. “आणि भांडं आणा.”

मावशीनं पडदा ओढला, खाटेची डोक्याकडची बाजू वर केली. मला आता नुसत्या सावल्या दिसत होत्या. दोन हात एका पट्टीत, आणि एक डाव्या हातानं भांडं धरलेली वाकलेली बाई.

“बाबा,” अश्लेषा म्हणाली, “मी भांडं धरलंय. होऊ द्या सावकाश.”

वॉर्ड शांत होता.

मग स्टीलच्या भांड्यात धार वाजली. आधी थांबत थांबत, मग सलग. वाजतच राहिली. पलीकडचा खोकणारा माणूस खोकायचा थांबला. मी श्वास धरून ऐकत होतो. देवळात आरती संपल्यावर घंटेचा नाद विरेपर्यंत लोक उभे राहतात, तसं काहीतरी होतं ते. हसू कसं आलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

हसली ती मावशी. हळूच म्हणाली, “तांबटच शेवटी. भांडं वाजल्याशिवाय जिवाला बरं वाटायचं नाही.”

पडदा सरला तेव्हा बाबांचे डोळे मिटलेले होते. नाकातली नळी जागच्या जागी होती. त्यांचा हात अश्लेषाच्या तळव्यावर पडला होता आणि एक बोट हलके हलके ठोकत होतं, टक... टक... मग तेही थांबलं.

अश्लेषा उभी होती. दुसऱ्या हातानं तिनं बाबांच्या मनगटावरचा लाल वळ चोळला. ती वर बघत नव्हती.

“सिस्टर, काल नळी काढली त्याच्याआधीही... ते काहीतरी मागत असतील का?”

सिस्टर येऊन शेजारी उभ्या राहिल्या.

“मला काय विचारतेस?” त्या म्हणाल्या. “मी कुठं बांधलेली होते?”

भेटीची घंटा झाली. दाराशी माणसं गोळा व्हायला लागली. त्यांत डोक्यावर पदर घेतलेली एक बाई होती, हातात डबा, नजर खाली.

सिस्टरांनी बाबांच्या मनगटाकडची गाठ सोडली. म्हातारा हात उचलून त्यांच्याच छातीवर ठेवला. मोकळा. पट्टीचं टोक अश्लेषाच्या हाताशी लोंबत राहिलं. तिनं हात पुढं केला.

“आणि माझ्याकडची गाठ, सिस्टर?”

सिस्टर तोवर माझ्या खाटेशी आल्या होत्या, वजनं बघत होत्या.

“ती गाठ राहू दे. तिला ऑर्डर लागत नाही.”