पालखी टेकते तो कातळ

मोरधार गडाच्या शेवटच्या वळणावर हा जो उघडा कातळ आहे, त्यावर पाय देऊ नका. पालखी एकदा उचलली की वरच्या देवळापर्यंत भुईला लावायची नाही, अशी रीत. आमच्या वाघजाईची मात्र इथे टेकते, आणि तीही खाली साधं फडकं न घालता.

राजाच्या अमदानीत सगळ्या घाटावर वचक होता तो या गडावरच्या तोफांचा. खालच्या खोऱ्यातल्या सुभानराव देशमुखाला राज्यातून फुटून स्वतःची गादी मांडायची होती, आणि गड घेतल्याशिवाय ते जमणार नव्हतं. बरं, लढायचं तर समोरून ये ना! पण हा निघाला आईच्या पदराआडून. चैत्रातल्या जत्रेला पालखीसाठी गडाचा दरवाजा उघडा असे. म्हणून त्याने देवीच्या वस्त्रांखाली तलवारी दडवल्या आणि आपली माणसं गुलाल फासून भक्तांत मिसळली, असे सांगतात.

पुढचा दांडा सटवाजी भोयाच्या खांद्यावर होता. त्याची बायको भिवरा आरती घेऊन मागे चालत होती. या वळणावर पालखीला हिसका बसला आणि आत लोखंड खणखणलं. नवऱ्याची मान ताठ झालेली पाहून भिवराही समजली, आत तलवारी आहेत. पालखी टेकवणाऱ्या घराचा खांद्याचा मान कायमचा जातो, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण ढोलांच्या गजरात ओरडून वर कुणाला ऐकू जाणार? सटवाजीने पालखी कातळावर टेकवली. तटावरच्या पहारेकऱ्यांनी ते आक्रीत पाहिलं आणि दरवाजा लावून घेतला. देशमुखाच्या माणसांनी सटवाजीला तिथेच कापलं नि दरवाजावर धडका दिल्या. वरून धोंडे आणि तोफगोळे बरसले, तसे ते बंडखोर वाट फुटेल तिकडे पळाले.

किल्लेदाराला सोन्याचं कडं मिळालं. आणि भिवराला? ‘पालखी विटाळली’ म्हणून पंचांनी तिच्या घराचा मानच काढून घेतला! ती भर चावडीवर कडाडली, “आत तलवारी कोंबल्या तवा न्हाई इटाळली आई, अन् माज्या धन्यानं टेकवली तवा इटाळली?” पंचांनी दांडा दुसऱ्या घराला देऊन टाकला.

पुढच्या जत्रेला नव्या भोयांचे खांदे इथेच वाकले. पालखी कातळावर बसली ती म्हणे हलेचना. शेवटी पंच अनवाणी भिवराच्या दारी गेले. ती आली, पण दांड्याला हात लावीना.

“आदी मला इचारा,” ती म्हणाली, “आई इटाळली का. समद्यांदेखत इचारा.”

आजही पालखी इथे टेकली की गडाचा दरवाजा लावून घेतात. पंच अनवाणी उभे राहून सटवाजीच्या घरच्या थोरल्या सुनेला तेच विचारतात. ती “न्हाई” म्हणते, पहिला खांदा देते, तेव्हाच दरवाजा उघडतो. उत्तर द्यायला ती मुद्दाम वेळ लावते. चैत्राच्या उन्हात पंचांचे पाय कातळावर पोळतात. पोळू देत.